वंशसंहारातील मृतांचे स्मरण आणि वाचलेल्यांचा सन्मान : कार्यक्रम आखणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

वंशसंहाराच्या स्मृतिदिनी बहुतेक ठिकाणी साधारण एकच क्रम पाळला जातो. मेणबत्त्या लावल्या जातात, दोन मिनिटे शांतता पाळली जाते, भाषणे होतात आणि लोक घरी जातात. यात गैर काही नाही. परंतु सभेतून बाहेर पडणाऱ्या माणसाला मारल्या गेलेल्यांपैकी एकाचेही नाव, वय, गाव किंवा व्यवसाय सांगता येत नसेल, तर मारेकऱ्यांनी ज्या माणसांना निनावी करून टाकले, त्यांना आपणही निनावीच ठेवले असे म्हणावे लागेल. शाळा, ग्रंथालय, संस्था किंवा एखाद्या अभ्यासमंडळाच्या वतीने असा कार्यक्रम आखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. पुढील सूचनांमागे कसोटी एकच आहे : या कृतीमुळे मृत व्यक्ती पुन्हा व्यक्ती म्हणून समोर येते का, आणि वाचलेल्या व्यक्तीच्या कहाणीवर तिचा स्वतःचा हक्क शाबूत राहतो का?

घटना आणि दिवस

एका कार्यक्रमात एकाच घटनेचे स्मरण करावे. एका तासात पाच वंशसंहार उरकण्याचा प्रयत्न केला, की प्रत्येकाच्या वाट्याला एक आकडा आणि एक छायाचित्र एवढेच येते. त्यातून नकळत तुलनाही सुरू होते, आणि कोणाचे दुःख मोठे ही चर्चा वाचलेल्यांसमोर होण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही.

बहुतेक घटनांचा दिवस ठरलेला आहे. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्याने नाझींची ऑशविट्झ येथील मृत्युछावणी मुक्त केली, म्हणून २७ जानेवारी हा होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, स्मरणाचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे. रवांडातील तुत्सी या अल्पसंख्य समाजाच्या वंशसंहाराचे स्मरण ७ एप्रिलपासून सुरू होते आणि तेथे ते शंभर दिवस चालते, कारण १९९४ मध्ये हत्याकांड सुमारे तेवढेच दिवस चालले होते. आर्मेनियन लोक २४ एप्रिल पाळतात. १९१५ मध्ये त्या दिवशी ऑटोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) येथील आर्मेनियन लेखक, डॉक्टर, वकील, धर्मगुरू अशा प्रतिष्ठित माणसांना पकडून नेण्यास सुरुवात झाली. बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे मारल्या गेलेल्या मुस्लिमांसाठी ११ जुलै, नाझींनी मारलेल्या रोमा लोकांसाठी २ ऑगस्ट, इराकमधील याझिदी या धार्मिक अल्पसंख्याकांसाठी ३ ऑगस्ट, बांगलादेशात २५ मार्च, कंबोडियात २० मे. नामिबियाने जर्मन वसाहतकाळात मारल्या गेलेल्या हेरेरो आणि नामा लोकांसाठी २८ मे हा दिवस २०२५ पासून पाळण्यास सुरुवात केली. कोणत्याही एका घटनेशी न बांधलेला दिवस हवा असेल तर ९ डिसेंबर आहे. १९४८ मध्ये त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहारविरोधी करार स्वीकारला.

आपल्या सोयीचा रविवार निवडण्याऐवजी त्या समाजाने निवडलेलाच दिवस घ्यावा. ज्यांचे दुःख आहे, त्यांच्या दिनदर्शिकेत आपण पाहुणे आहोत.

आकडे कसे सांगावेत

अभ्यास आधी, निमंत्रणपत्रिका नंतर. घटना कोठे घडली, कोणाच्या सत्तेखाली घडली, कोणत्या गटाला लक्ष्य केले गेले, द्वेष कसा पसरवला गेला, हत्येचा आदेश कोणी दिला आणि तो कोणी अमलात आणला, एवढे तरी आयोजकाला स्वच्छ माहीत असावे. वंशसंहार घडला असे निवेदक म्हणतात आणि तो कोणी केला हे सांगायचे राहून जाते. जणू ती एखादी नैसर्गिक आपत्ती होती. कर्ता नसलेली वाक्ये संहितेतून शोधून काढावीत आणि प्रत्येक वाक्यात कर्ता घालावा. मात्र तो अचूक घालावा. रवांडात बहुसंख्य हुतू समाजातील अतिरेकी, त्यांचे सशस्त्र गट आणि तत्कालीन सरकार हे कर्ते होते. सगळे हुतू नव्हते. मारल्या गेलेल्यांत या हत्याकांडाला विरोध करणारे हुतूही होते.

आकड्यांच्या बाबतीत गोल संख्या फेकण्याचा मोह टाळावा. ऑशविट्झमध्ये सुमारे ११ लाख माणसे मारली गेली आणि त्यांतील बहुसंख्य ज्यू होती, हे संशोधनाने स्थिर झालेले आकडे आहेत. रवांडासाठी मात्र ८ लाखांपासून १० लाखांहून अधिक असे अंदाज आढळतात, आणि कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात खमेर रूज राजवटीत मृत्यू पावलेल्यांची संख्या साधारण १७ ते २० लाखांच्या दरम्यान धरली जाते. जेथे अंदाजांमध्ये फरक आहे तेथे तो फरक तसाच सांगावा. आकडा वाढवून सांगितल्याने मृतांचा मान वाढत नाही. उलट, वंशसंहार घडलाच नाही असा इन्कार करणाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळते. स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारी येथील स्मारकाच्या शिळेवर ८,३७२ ही संख्या कोरलेली आहे आणि तिच्यापुढे टिंबे सोडलेली आहेत, कारण मोजणी अंतिम नाही. एवढा प्रामाणिकपणा आपल्या कार्यक्रमपत्रिकेतही हवा.

नावे

माझ्या मते कार्यक्रमाचा गाभा नामवाचन हाच असावा, आणि बाकी सगळे त्याच्या भोवती बसवावे. एका नावाला पाच सेकंद धरले तर तासाभरात ७२० नावे होतात. स्रेब्रेनित्साच्या आठ हजारांहून अधिक नावांना अकरा तासांपेक्षा जास्त वेळ लागेल. होलोकॉस्टमधील साठ लाख ज्यूंची नावे याच गतीने दिवसरात्र वाचली तर जवळजवळ ३४७ दिवस लागतील. श्रोत्यांना हा हिशेब वाचनाआधी सांगावा. साठ लाख हा शब्द ऐकून जे कळत नाही, ते वीस मिनिटे नावे ऐकल्यावर आणि आपण अजून पहिल्या अडीचशे नावांच्या आत आहोत हे लक्षात आल्यावर कळू लागते.

नावे कोठून आणावीत, हा पहिला व्यावहारिक प्रश्न आहे. जेरुसलेममधील याद वाशेम ही संस्था १९५० च्या दशकापासून साक्षपत्रे गोळा करते. नातेवाईक, शेजारी किंवा ओळखीची माणसे मृताचे नाव, आईवडील, जन्मस्थान, व्यवसाय आणि मृत्यूविषयी माहीत असलेली गोष्ट त्यावर लिहून देतात. त्या नोंदी सर्वांना शोधता येतात. जर्मनीतील बाड आरोल्झन येथील अभिलेखागारात छावण्यांची मूळ कागदपत्रे आहेत आणि तीही मोठ्या प्रमाणावर खुली आहेत. स्रेब्रेनित्साची नावे पोतोचारीच्या स्मारकावर कोरलेली आहेत. एखाद्या गावाची, एखाद्या रस्त्याची किंवा एकाच रेल्वेगाडीतून पाठवल्या गेलेल्या माणसांची यादी घेतली, तर ती विखुरलेल्या हजार नावांपेक्षा अधिक बोलते, कारण आडनावे पुन्हा पुन्हा येऊ लागतात, वये दिसू लागतात, आणि वडिलांच्या पाठोपाठ चार मुलांची नावे आली की वेगळे काही सांगावे लागत नाही.

वाचनाची रीत साधी ठेवावी. नाव, वय, गाव. व्यवसाय माहीत असेल तर तोही. विशेषणे नकोत, पार्श्वसंगीत तर मुळीच नको. दोन वाचक आळीपाळीने वाचतील अशी व्यवस्था केली तर आवाज थकत नाही आणि गती वाढत नाही. परकीय नावांचे उच्चार त्या भाषेच्या जाणकाराकडून आधी तपासून घ्यावेत, देवनागरीत लिहून काढावेत आणि वाचकांकडून दोनदा म्हणवून घ्यावेत. सभेत अडखळत, हसत किंवा क्षमा मागत वाचलेले नाव न वाचलेल्या नावापेक्षा वाईट. वेळ संपत आली म्हणून यादी मध्येच तोडू नये. जितकी पूर्ण वाचता येईल तितकीच निवडावी आणि ती का निवडली हे सांगावे.

काही माणसांची नावे उरलेलीच नाहीत. तान्ह्या बाळांची नोंद झाली नव्हती, किंवा नाव सांगू शकेल असे कोणीच जिवंत राहिले नाही. रवांडात विद्यार्थिदशेत वंशसंहारातून वाचलेल्यांनी पुढे गाएर्ग नावाची संघटना उभारली, आणि तिने समूळ नष्ट झालेल्या कुटुंबांची गावोगाव फिरून नोंद केली. ज्यांच्यासाठी रडायला घरातले एकही माणूस मागे राहिले नाही अशी १५,००० हून अधिक कुटुंबे त्या नोंदीत आहेत, आणि त्यांच्यासाठी तेथे वेगळा स्मरणविधी होतो. आपल्या वाचनातही अशा निनावी मृतांचा उल्लेख करावा, पण नाव नसलेल्या माणसाला कल्पनेने नाव देऊ नये.

नावाला जागा देण्याचा आणखी एक मार्ग गुंटर डेमनिग या जर्मन कलावंताने दाखवला. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या दगडावर पितळी पत्रा, त्यावर हाताने ठोकलेली अक्षरे, ‘येथे राहत होते’ अशी सुरुवात, मग नाव, जन्मवर्ष आणि पुढे काय झाले ते. त्या व्यक्तीने स्वतःच्या इच्छेने निवडलेल्या शेवटच्या घरासमोरच्या पदपथात हा दगड बसवला जातो. १९९० च्या दशकात सुरू झालेल्या या उपक्रमात युरोपभर एक लाखाहून अधिक दगड बसले आहेत, आणि त्यांमागचे संशोधन पुष्कळदा शाळेतील मुलांनी आणि त्या रस्त्यावर आज राहणाऱ्यांनी केलेले आहे. घरातील जे सदस्य परदेशी निसटून वाचले त्यांचेही दगड शेजारी बसवतात, म्हणजे तुटलेले कुटुंब निदान पदपथावर तरी एकत्र येते. तरीही म्युनिक शहराने सार्वजनिक जागेत हे दगड बसवू दिले नाहीत, कारण मृतांची नावे पुन्हा पायाखाली येतात असा आक्षेप तेथील ज्यू समाजाच्या अध्यक्षांनी, ज्या स्वतः होलोकॉस्टमधून वाचलेल्या आहेत, घेतला होता. त्या शहरात भिंतीवर आणि खांबांवर फलक लावले जातात. दोन्ही बाजूंना वाचलेले आणि मृतांचे वारस होते. आयोजकाने यातून घ्यायचे ते एवढेच, की आपल्याला हृद्य वाटणारी कल्पना ज्यांची माणसे गेली त्यांनाही तशी वाटेल असे गृहीत धरू नये, आधी विचारावे.

छायाचित्रे

प्रदर्शन लावायचे असेल तर प्रत्येक छायाचित्राविषयी एक प्रश्न विचारावा : ते कोणी काढले? होलोकॉस्टची जी छायाचित्रे सर्वत्र दिसतात त्यांतील पुष्कळशी मारेकऱ्यांच्या बाजूच्या माणसांनी टिपलेली आहेत. कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह येथील खमेर रूजच्या तुओल स्लेंग तुरुंगात आणलेल्या कैद्यांची छायाचित्रे तुरुंगाच्याच छायाचित्रकारांनी काढली. कॅमेऱ्यासमोर बसवले जाणे हा तेथील छळाचाच पहिला टप्पा होता. अशी छायाचित्रे पुरावा म्हणून अमूल्य आहेत, पण त्यांत माणूस जसा दिसतो तसा तो मारेकऱ्याच्या नजरेला दिसलेला असतो. ती वापरावी लागलीच तर खाली तसे लिहावे.

शक्य असेल तेथे घरगुती छायाचित्रे शोधावीत. वॉशिंग्टनमधील होलोकॉस्ट संग्रहालयात एक उंच मनोरा आहे, ज्याच्या भिंती लिथुआनियातील एइशिशोक या लहानशा गावातील ज्यू रहिवाशांच्या सुमारे हजार छायाचित्रांनी भरल्या आहेत : लग्ने, सहली, शाळेचे वर्ग, बर्फातले खेळ. सप्टेंबर १९४१ मध्ये दोन दिवसांत तेथील ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच गावात बालपण गेलेल्या आणि त्यातून वाचलेल्या याफ्फा एलियाख यांनी ही छायाचित्रे अनेक वर्षे हिंडून जमवली. प्रेतांच्या राशी दाखवून जो धक्का बसतो तो ओसरतो, आणि मृतांनी त्या अवस्थेत दिसायला कधी संमती दिलेली नसते. विवस्त्र मृतदेहांची चित्रे सभागृहात लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अलीकडे एक नवी अडचण उभी राहिली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली, होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या कोणा मुलाची म्हणून पसरवलेली छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरतात, आणि त्यांतील मूल कधी अस्तित्वातच नव्हते. ऑशविट्झच्या स्मारकसंस्थेने २०२५ मध्ये याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. म्हणून समाजमाध्यमावर मिळालेले कोणतेही चित्र संग्रहालयाच्या किंवा अभिलेखागाराच्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये. खोट्या चेहऱ्यासाठी ढाळलेले अश्रू खऱ्या चेहऱ्याच्या वाट्याचे असतात, आणि एक बनावट उघडी पडली की शंभर अस्सल छायाचित्रांवर संशय घेण्याची सोय होते.

वाचलेल्या व्यक्तीला निमंत्रण देताना

सर्वांत जास्त काळजी येथे घ्यावी लागते आणि सर्वांत जास्त चुकाही येथेच होतात. वाचलेली व्यक्ती ही कार्यक्रमाचे आकर्षण नाही. तिला बोलावण्याआधी स्वतःला विचारावे, की नव्याने साक्ष खरोखर हवी आहे का? दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील शोआ फाउंडेशनच्या संग्रहात पन्नास हजारांहून अधिक ध्वनिचित्रमुद्रित साक्षी आहेत, येल विद्यापीठाचा संग्रह १९७९ मध्ये सुरू झालेल्या कामातून वाढला आहे, आणि त्यांत होलोकॉस्टपलीकडच्याही साक्षी मिळतात. जे एकदा नीट सांगून ठेवले आहे ते ऐकणे हाही सन्मान आहे. माणसाला जखम पुन्हा उघडायला लावून आपण काही नवे मिळवतो असे नेहमी नसते.

निमंत्रण द्यायचेच ठरले तर ते थेट दूरध्वनी करून देऊ नये. वाचलेल्यांच्या संघटना आहेत. रवांडात इबुका आहे, स्रेब्रेनित्साच्या मातांच्या संघटना आहेत. त्यांच्यामार्फत किंवा कुटुंबीयांमार्फत विचारावे. नकार आला तर कारण विचारू नये. अनेकांनी चाळीस-चाळीस वर्षे स्वतःच्या मुलांनाही काही सांगितले नव्हते, आणि मौन हा त्यांचा अधिकार आहे. होकार आला तर श्रोते कोण असतील, किती असतील, किती वेळ बोलायचे आहे, प्रश्न विचारले जातील का, ध्वनिचित्रमुद्रण होईल का आणि ते पुढे कोठे जाईल, हे सारे त्यांच्या भाषेत लेखी कळवावे. संमती दिल्यानंतरही ती कोणत्याही क्षणी, अगदी व्यासपीठावर जाण्याच्या आधी पाच मिनिटेही, मागे घेता येते हे स्पष्ट सांगावे, आणि तसे झाल्यास कार्यक्रम कसा पुढे न्यायचा याची तयारी ठेवावी.

लैंगिक अत्याचाराविषयी आयोजकाने स्वतःहून कधीही विषय काढू नये. याझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांना २०१८ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावाने २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली एक आचारसंहिता आहे, जी संघर्षकाळातील लैंगिक हिंसाचारातून वाचलेल्यांची माहिती गोळा करणाऱ्या पत्रकार, संशोधक आणि तपास अधिकाऱ्यांसाठी आहे. तिचा सारांश असा, की निर्णय वाचलेल्या व्यक्तीचा, गती तिची, आणि आपल्या कामामुळे तिला इजा होणार असेल तर ते काम करू नये. सभा भरवणाऱ्यालाही हीच संहिता लागू धरावी. बांगलादेशात १९७१ मध्ये अत्याचार झालेल्या स्त्रियांना सरकारने वीरांगना ही सन्मानाची पदवी दिली, तरी समाजाच्या बोलण्यामुळे त्यांतील अनेकींना ती लपवावी लागली. जाहीर गौरवामुळेही घर सुटू शकते, हे विसरू नये.

काही प्रश्न श्रोत्यांच्या तोंडून येतातच आणि ते अडवण्याची जबाबदारी सूत्रसंचालकाची असते. ‘तुम्ही कसे वाचलात?’ हा प्रश्न निरागस वाटतो, पण ज्यांची भावंडे वाचली नाहीत त्यांना त्यात आरोप ऐकू येतो. ‘तुम्ही त्यांना माफ केले का?’ हा तर विचारूच नये. क्षमा हा श्रोत्यांच्या समाधानासाठी सादर करण्याचा प्रकार नाही. प्रश्न लिहून मागवावेत आणि वक्त्याला आधी दाखवावेत. बालपणाविषयी, घराविषयी, गेलेल्या माणसांविषयी, नंतरच्या आयुष्याविषयी विचारलेले प्रश्न बहुतेकांना आवडतात, कारण सगळे त्यांना केवळ त्या काही महिन्यांविषयीच विचारत आलेले असतात.

जागेची व्यवस्था क्षुल्लक समजू नये. वक्त्याला दार दिसेल अशी खुर्ची, त्यांनी स्वतः निवडलेले सोबतीचे माणूस, शेजारी एक शांत खोली, मध्ये थांबण्याची मुभा. रवांडातील स्मरणसभांमध्ये आघातग्रस्तांना सांभाळणारे प्रशिक्षित समुपदेशक हजर असतात, कारण साक्ष ऐकताना श्रोत्यांत बसलेल्या दुसऱ्या वाचलेल्या माणसालाही तो काळ पुन्हा समोर उभा राहिल्यासारखा होतो. आपल्या श्रोत्यांमध्ये असे कोणी नसेल हे आपण कशावरून ठरवतो? निदान एक जाणकार समुपदेशक सभागृहात असावा आणि तो कोण हे सुरुवातीला सांगितलेले असावे.

साक्ष कार्यक्रमाच्या शेवटी, चार भाषणांनंतर उरलेल्या दहा मिनिटांत कोंबू नये. अध्यक्षीय भाषण लांबते आणि ज्यांना ऐकायला लोक आलेले असतात त्यांना ‘वेळेअभावी थोडक्यात’ असे सुचवले जाते. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की तो टाळण्यासाठी अध्यक्षीय भाषणच ठेवू नये असे मी म्हणेन. प्रवासखर्च आणि मानधन आधी ठरवून, न मागता द्यावे. दुसऱ्या दिवशी विचारपूस करावी. मुद्रणाची प्रत आणि लिहून काढलेला मजकूर दुरुस्तीसाठी पाठवावा आणि त्यांनी मान्य केल्याशिवाय काहीही प्रसिद्ध करू नये.

स्मृतीत चुका असतात. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झच्या दाहगृहांत काम करायला लावलेल्या कैद्यांनी बंड केले, आणि ते पाहिलेल्या एका स्त्रीने पुढे साक्षीत चार धुरांडी उडाल्याचे सांगितले. प्रत्यक्षात एवढे उडाले नव्हते. पण जेथे प्रतिकार अशक्य मानला जात होता तेथे तो झाला, हे तिने पाहिले होते आणि ते खरे होते. वक्त्याला तारीख किंवा संख्या चुकली म्हणून व्यासपीठावर टोकू नये. आवश्यक ती टीप नंतर छापील मजकुरात, त्यांना दाखवून, द्यावी.

होलोकॉस्टमधून वाचलेले आज अतिवृद्ध आहेत आणि आर्मेनियन वंशसंहाराचे साक्षीदार जवळजवळ उरलेले नाहीत. मुले आणि नातवंडे बोलू शकतात, मात्र त्यांनी आजोबांच्या भूमिकेत शिरून ‘मी’ म्हणून बोलू नये. घरात काय सांगितले जाई, काय टाळले जाई, कोणत्या आवाजाने आजी दचकत असे, हे त्यांचे स्वतःचे ज्ञान आहे आणि ते पुरेसे आहे.

व्यासपीठापलीकडचा सन्मान

फुले आणि सन्मानचिन्हे देऊन आपण मोकळे होतो. वाचलेल्यांच्या गरजा मात्र औषधे, घर, निवृत्तिवेतन आणि बेपत्ता माणसांचा शोध या असतात. रवांडात १९९८ मध्ये गरजू वाचलेल्यांच्या मदतीसाठी शासकीय निधी उभारला गेला. इराकच्या संसदेने मार्च २०२१ मध्ये याझिदी आणि इतर पीडित स्त्रियांसाठी भरपाईचा कायदा केला. स्रेब्रेनित्सात मारेकऱ्यांनी यंत्रांनी कबरी उकरून अवशेष दुसरीकडे हलवल्यामुळे एकाच माणसाची हाडे अनेक ठिकाणी सापडली. जनुकीय तपासणीने ओळख पटल्यावर, मिळाले तेवढ्यावर अंत्यविधी करायचा की आणखी वाट पाहायची, हा निर्णय प्रत्येक आईला घ्यावा लागला. दरवर्षी ११ जुलैला त्या वर्षी ओळख पटलेल्यांचे दफन होते. देणगी जमवायची असेल तर ती वाचलेल्यांनी स्वतः चालवलेल्या संघटनेकडे, तिने सांगितलेल्या कामासाठी जावी.

सन्मानात निर्णयाच्या मेजावर जागा देणेही येते. १९०४ ते १९०८ या काळातील वंशसंहाराबद्दल जर्मनी आणि नामिबिया यांच्या सरकारांनी २०२१ मध्ये संयुक्त निवेदन तयार केले आणि १.१ अब्ज युरो देण्याचे ठरले, तेव्हा हेरेरो आणि नामा समाजांच्या अनेक प्रतिनिधींनी आपल्याला वगळून हे ठरवल्याचा आक्षेप घेतला. आपली समिती छोटी असली तरी प्रश्न तोच आहे : त्या समाजातील कोणी समितीत आहे का, आणि त्याचे म्हणणे ऐकून कार्यक्रम बदलला जाईल का?

मुले, स्थळे आणि इन्कार

लहान मुलांसाठी एका कुटुंबाची गोष्ट पुरते. नाझींनी ज्यूंना लावायला भाग पाडलेली पिवळी चांदणी कपड्यांवर लावून वर्गात फिरणे, अर्ध्या मुलांना कैदी बनवणे असली नाट्ये करू नयेत. त्यातून मुलांना खेळ कळतो, घटना कळत नाही. ऑशविट्झचे संग्रहालय चौदा वर्षांखालील मुलांना आणू नये असे सुचवते. मोठ्यांनीही तेथे जाण्याआधी नियम वाचावेत. रुळांवर तोल सावरत छायाचित्रे काढू नयेत, असे त्या संग्रहालयाला २०१९ मध्ये जाहीरपणे सांगावे लागले होते.

जीव वाचवणाऱ्यांच्या कथा सांगाव्यात, पण मोजून. त्या ऐकायला बऱ्या वाटतात म्हणून त्या सगळा वेळ व्यापतात, आणि शेजाऱ्यांपैकी फार थोड्यांनी दार उघडले ही वस्तुस्थिती झाकली जाते.

इन्कार करणाऱ्याला ‘दुसरी बाजू’ म्हणून व्यासपीठ देऊ नये. सभेत कोणी तसा प्रश्न उपस्थित केला तर वाद न घालता न्यायालयीन निष्कर्ष सांगावेत. २ सप्टेंबर १९९८ रोजी रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने तेथील एका भागाचा माजी महापौर झाँ-पॉल अकायेसू याला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले. एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने खटला चालवून दिलेला तो अशा प्रकारचा पहिला निकाल. त्याच न्यायाधिकरणाने २००६ मध्ये रवांडातील वंशसंहार ही सर्वज्ञात वस्तुस्थिती आहे, ती पुन्हा सिद्ध करण्याची गरज नाही, असे म्हटले. स्रेब्रेनित्साविषयी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये तेथे वंशसंहार घडल्याचा निष्कर्ष दिला. हे तीन निकाल एका कागदावर लिहून सूत्रसंचालकाच्या हाती ठेवावेत.

कार्यक्रम संपल्यावर

नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्सॉच्या वस्तीत इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजनिशा, शिधापत्रिका, निबंध, जाहिराती गोळा करून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनांत पुरून ठेवल्या. त्यांतील दोन साठे १९४६ आणि १९५० मध्ये सापडले, तिसरा सापडला नाही. त्या गटातील केवळ तिघे वाचले. मृत्यू समोर असताना त्यांनी कागद जपले. आपण तर कार्यक्रमाची ध्वनिफीतही महिन्याभरात हरवतो.

म्हणून समारोपाच्या दिवशीच एकाने दप्तराची जबाबदारी घ्यावी. मूळ मुद्रण संपादन न करता जपावे. त्याच्यासोबत संमतीपत्र, मुद्रणाची तारीख, स्थळ आणि उपस्थितांची नोंद ठेवावी. वक्त्यांच्या पश्चात या मुद्रणाविषयी निर्णय कोणी घ्यायचा, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे. प्रत एखाद्या स्थिर संस्थेकडे द्यावी आणि तिच्याकडून पोच घ्यावी. वाचलेल्या नावांच्या यादीत श्रोत्यांपैकी कोणी चूक दाखवली, वय, गाव किंवा वडिलांचे नाव वेगळे सांगितले, तर तो तपशील ज्या अभिलेखागारातून यादी घेतली होती त्याच्याकडे कळवावा. अशा दुरुस्त्यांसाठी त्यांची ठरलेली पद्धत असते. पुढच्या वर्षी वाचन तेथूनच सुरू करावे जेथे ते या वर्षी थांबले.